बेनिन ब्राँझचा सातबारा कोणाच्या नावावर?

भरदुपारी
इंग्रजांनी लुटून नेलेली बेनिन ब्राँझ परत द्यायची का यावरून परवा एका मित्राशी जाम वाजलं. तो म्हणे, आधी नायजेरियावाल्यांनी आपसात ठरवू दे कोणाकडे ठेवायचं, मग परत मागू दे. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून इथे टाकतोय, फाडा काय फाडायचं ते.

विषय बेनिन ब्राँझ. आधी एक घोळ मिटवतो, बेनिन नावाचा देश आहे तो वेगळा, त्याचं जुनं नाव दाहोमे, १९७५ ला त्यांनी बदललं. मी बोलतोय ते बेनिन सिटीबद्दल, ते नायजेरियात, एदो लोकांचं शहर, तिथल्या राजाला ओबा म्हणतात आणि ती गादी शेकडो वर्षांची, आजही चालू. राजवाड्याच्या खांबांवर पितळेचे जाड ओतीव फलक असायचे, त्यात ओबा, सरदार, बिबटे, पोर्तुगीज व्यापारी, अख्खा दरबार. शिवाय गेलेल्या राजांची ओतलेली शिरं, हस्तिदंती मुखवटे, कोरलेले सुळे. नाव ब्राँझ पडलंय पण बहुतेक माल पितळ आहे.

१८९७ च्या जानेवारीत फिलिप्स नावाचा इंग्रज अधिकारी, आत्ता आमचा सण चालू आहे येऊ नका असा निरोप येऊनही निघाला. वाटेत त्याच्या तुकडीवर हल्ला झाला, जवळपास सगळे मारले गेले. फेब्रुवारीत इंग्रजांनी साधारण १२०० जणांची फौज पाठवून शहर घेतलं, शहर जळालं, हजारो वस्तू उचलल्या. ओबा ओवोनराम्वेनला कालाबारला हद्दपार केलं, तो १९१४ ला तिथेच वारला. आता गंमत बघा, हल्ला व्हायच्या आधीच, नोव्हेंबर १८९६ मध्ये, ह्याच फिलिप्सने लंडनला कळवलं होतं की राजाला गादीवरून काढायची परवानगी द्या, आणि खर्चाचं म्हणाल तर राजाच्या घरात पुरेसं हस्तिदंत सापडेल अशी आशा आहे. म्हणजे दरोड्याचा हिशोब आधी झाला, निमित्त नंतर मिळालं.

यातल्या ९०० च्या वर वस्तू एकट्या ब्रिटिश म्युझियमकडे आहेत. माझं म्हणणं सरळ आहे, सगळं परत द्या, अटी न घालता द्या. ते राजवाड्यात ठेवतील, म्युझियममध्ये ठेवतील, नदीत सोडतील, तुम्हाला काय करायचंय. चोर पकडला गेल्यावर पोलिस फिर्यादीला विचारत नाहीत की बाई, पाटल्या मिळाल्यावर तुम्ही घालणार की लॉकरमध्ये ठेवणार.

पेठेतला पाहुणा
पोलिस विचारत नाहीत हे कोणी सांगितलं? मुद्देमाल कोर्टाकडून सुपूर्तनाम्यावर मिळतो आणि त्यात विकायचं नाही, मोडायचं नाही, बोलावलं की हजर करायचं अशा अटी असतात. माझ्या चुलत्यांची मोटारसायकल सोडवताना हे सगळं केलंय, असो.

मुद्दा असा की फिर्यादी कोण हेच ठरलेलं नाही. नायजेरिया सरकार? एदो राज्य सरकार? ओबा? जर्मनीने २०२२ च्या जुलैमध्ये करार करून मालकी नायजेरियाला दिली, डिसेंबरला परराष्ट्रमंत्री बेअरबॉक बाई स्वतः विसेक वस्तू घेऊन अबुजाला गेल्या. सगळ्यांना वाटलं म्युझियममध्ये लागणार, शाळेची पोरं बघणार. आणि मार्च २०२३ मध्ये जाता जाता नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी साहेबांनी आदेश काढला की १८९७ ला लुटलेल्या सगळ्या वस्तूंचा मालक ओबा. झालं, केंब्रिज विद्यापीठ ११६ वस्तूंची मालकी देणार होतं, त्यांनी तो कार्यक्रमच पुढे ढकलला. मी त्यांच्या जागी असतो तर मीपण ढकलला असता. लोकांची गोष्ट म्हणून दिली आणि एका घराण्याच्या दिवाणखान्यात गेली तर परत काय दिलं?

आणि सरकारचं म्हणाल तर १९७३ चा किस्सा वाचा. नायजेरियाचे तेव्हाचे लष्करशहा जनरल गोवन इंग्लंडला सरकारी दौऱ्यावर निघाले होते, राणीला भेट द्यायला काहीतरी हवं म्हणून लेगॉसच्या राष्ट्रीय म्युझियममधून बेनिनचं एक शीर उचललं. बरीच वर्षं लंडनमध्ये सगळे समजत होते की ही प्रतिकृती आहे. २००२ ला कळलं अस्सल आहे, १६०० च्या आसपासचं. कष्टाने परत मिळवलेली वस्तू स्वतःच्या हाताने परत लंडनला. आता बोला अटी नकोत.

सरळवाट
आणि ब्रिटिश म्युझियमकडे एकदम सुरक्षित असतं ना सगळं 😄 २०२३ ला त्यांच्याच कपाटांतून २००० च्या आसपास वस्तू गायब, चोरीला किंवा मोडलेल्या निघाल्या, डायरेक्टरला राजीनामा द्यावा लागला. गोवनने निदान विचारून उचललं.

पेठेतला पाहुणा
सरळवाट, विचारून नाही हो, फोन करून सांगून. फरक आहे.

लेगॉस रिटर्न
सहा वर्षं लेगॉसला नोकरी केली म्हणून चार शब्द लिहितो, लांबलं तर माफ करा. बेनिन सिटीला तीनदा गेलो. लाल मातीचं शहर आहे, पाऊस पडला की चपला, पँट सगळं तांबडं, आपल्या कोकणासारखं. शहराच्या मधोमध रिंग रोडचं मोठं सर्कल आहे, त्यात गोल आकाराचं सरकारी म्युझियम. आत गेलो, वस्तू आहेत, चांगल्या आहेत, पण बऱ्याच ठिकाणी भिंतीवर फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय मूळ वस्तू लंडनला. बरोबर आमच्या ऑफिसचा एक एदो मुलगा होता, तो काही बोलला नाही, फोटोकडे बघून नुसता हसला. ते हसणं मला अजून आठवतं.

मग त्याने इगुन स्ट्रीटला नेलं. ती अख्खी आळीच ओताऱ्यांची. पिढ्यान्‌पिढ्या ओबासाठी ओतकाम करणारी घराणी, आजही करतात. आतला मातीचा गाभा, त्यावर मेणात सगळं कोरायचं, वरून परत माती, भट्टीत मेण वितळून बाहेर, त्या पोकळीत पितळ. एक म्हातारे काका जुने नळ, भंगारातले पार्ट वितळवत होते. मी हौसेने एक छोटा बिबट्या घेतला, घासाघीस केली याची आता लाज वाटते.

पेठेतले पाहुणे, तुम्ही दिवाणखाना म्हणालात तिथे माझा विरोध आहे. आपण ही शिरं शोकेसमध्ये बघतो म्हणून ती आपल्याला शोभेची वाटतात. नवा ओबा गादीवर आला की तो आधीच्या ओबाचं शीर ओतवून घेतो, ते पूर्वजांच्या वेदीवर बसतं, त्यावर कोरलेला सुळा उभा राहतो, तिथे विधी होतात. आपल्याकडे देव्हाऱ्यातले टाक असतात ना, चांदीचे, त्यात कुळाचे पूर्वजही असतात, तसं समजा. ते कोणी उचलून नेले आणि शंभर वर्षांनी म्हणाला की तुम्ही म्युझियम बांधा, वातानुकूलित करा, तिकीट लावा, मग देतो, तर घरातली म्हातारी काय म्हणेल? आणि आत्ताचे ओबा एवुआरे दुसरे हे ओवोनराम्वेनचे सख्खे खापरपणतू आहेत, मध्ये वंश तुटलेला नाही. ज्याच्या घरातून गेलं त्याचा वारस समोर उभा आहे, अजून कोणता सातबारा पाहिजे?

आणि हो, ज्यांना वाटतं लंडनला जगाला बघता येतं, त्यांनी नायजेरियन पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा काढून बघावा. आमचा तो मुलगा दोनदा रिजेक्ट झाला.

निशिगंधा
मी लंडनला लेकीकडे गेले होते तेव्हा ते फलक बघितलेत. तळघरातल्या दालनात उंच खांबांना रांगेने लावलेत, आणि खरं सांगते, मला आफ्रिकेबद्दल शाळेत जे काही शिकवलं होतं (म्हणजे जवळपास काहीच नाही, जंगल आणि लिव्हिंग्स्टन) ते सगळं त्या दहा मिनिटांत पुसलं गेलं. एवढं बारीक काम, गळ्यातल्या पोवळ्याच्या माळा सुद्धा मण्यामण्याने. मी लुटीचं समर्थन करत नाहीये, आधीच सांगते. पण १८९७ ला हे युरोपात पोचलं तेव्हा तिथल्या पंडितांना विश्वासच बसेना की आफ्रिकेतल्या माणसांनी केलंय, पोर्तुगीजांनी शिकवलं असेल, इजिप्तहून आलं असेल असले तर्क लढवले. तो माज जो उतरला तो या वस्तू त्यांच्याच नाकासमोर होत्या म्हणून. सगळं परत गेलं तर लंडनमध्ये उरणार ग्रीक, रोमन, आणि परत पोरं समजणार की आफ्रिकेत काही नव्हतंच. थोडं तिथे राहिलं तर काय बिघडलं?

भरदुपारी
निशिगंधाताई, थोडं राहायला हरकत नाही, पण ९०० पैकी मांडलेल्या शंभरेकच आहेत. बाकी गोदामात. गोदामात पडलेलं पितळ कोणाचा माज उतरवतंय? आणि राहू द्यायचं का हे विचारायचा हक्क मालकाचा.

अजून एक. १९७७ ला लेगॉसमध्ये सगळ्या आफ्रिकी आणि कृष्णवर्णीय कलेचा मोठा महोत्सव भरला, फेस्टॅक. त्याचं चिन्ह होतं राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा, ओबा एसिगीची आई ती, मुकुटावर छोटी छोटी दाढीवाल्या पोर्तुगीजांची डोकी. मूळ मुखवटा ब्रिटिश म्युझियममध्ये. नायजेरियाने महोत्सवापुरता मागितला, नाही दिला. स्वतःच्या आजीचा फोटो लग्नपत्रिकेवर आणि आजी शेजाऱ्याच्या ताब्यात!! हे असं राहू द्यायचं म्हणता?

शून्यप्रहर
सगळे फारच भावुक झालेत, जरा थंड पाणी टाकतो.

हे पितळ आलं कुठून? बेनिनमध्ये तांब्याची खाण नाही. पोर्तुगीज आणि नंतर इतर युरोपियन व्यापारी पितळेची कडी घेऊन यायचे, मनिला म्हणतात त्यांना, बांगडीसारखी, चलन म्हणून चालायची. २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी समुद्रात बुडालेल्या जहाजांतली मनिला तपासली तर धातू जुळला जर्मनीतल्या ऱ्हाईनकाठच्या खनिजाशी आणि बेनिनच्या ओतकामाशी. आणि ही कडी देऊन काय घ्यायचे? मिरी, हस्तिदंत आणि माणसं. म्हणजे तुमच्या पूज्य वेदीवरचं शीर हे कोणाला तरी विकून आलेल्या पैशाचं आहे.

न्यूयॉर्कमध्ये गुलामांच्या वंशजांची एक संस्था आहे, त्यांनी हाच मुद्दा घेऊन २०२२ ला अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियमवर केस केली, की आमचे पूर्वज विकून हे पितळ आलं, ज्यांनी विकलं त्यांच्याच वारसाला परत कसं देता, आमचाही वाटा आहे. कोर्टाने ऐकलं नाही ते सोडा, २९ वस्तू गेल्या त्या गेल्या. पण प्रश्न खोटा आहे का? ओबाच्या दरबारात नरबळी होत होते, गुलाम होते. सातबारा बघायचाच तर मागच्या सगळ्या फेरफार नोंदी बघा, फक्त १८९७ ची नको.

मुशीतलं पितळ
आमच्या घरात चार पिढ्या ओतकाम, आजोबा समया आणि घंटा ओतायचे, मी आता नोकरी करतो पण मूस कशी लागते ते माहितीये. शून्यप्रहर साहेब, एक सांगा, भंगारवाल्याकडून पितळ आणून मी समई केली, आणि उद्या कळलं की त्या भंगारात चोरीचा नळ होता, तर समई नळवाल्याची होते का? धातू वितळला की त्याचं पूर्वीचं नाव जातं, राहतो तो हात. त्या फलकांची किंमत पितळाच्या वजनावर असती तर इंग्रजांनी ती वितळवून काडतुसं केली असती की.

गुलामांच्या वंशजांचं दुःख खरं आहे, त्यावर मी कोण बोलणार. पण त्यांचं देणं ज्यांनी जहाजं भरली, ज्यांनी ऊस लावला, ज्यांनी बँका काढल्या त्यांच्याकडे आधी वसूल करा, सुरुवात इगुन आळीपासून का?

लेगॉस रिटर्न
मुशीतलं पितळ, 👏👏 आणि एक भर घालतो. बेनिनने गुलाम विकले हे खरं, पण सोळाव्या शतकात त्यांनी पुरुष गुलाम बाहेर विकणं बंद केलं होतं आणि ते बराच काळ टिकलं, त्या काळात व्यापार मिरी, हस्तिदंत, कापडावर चालला. उत्तम फलक त्याच सुमाराचे, सोळावं सतरावं शतक. तेव्हा प्रत्येक फलक म्हणजे एक विकलेला माणूस असं गणित बसत नाही. नरबळीचं म्हणाल तर ते होते, लपवायचं कारण नाही, पण इंग्रज काय ते थांबवायला गेले नव्हते, त्यांना पामतेल हवं होतं आणि ओबा व्यापार अडवत होता. नरबळीच्या बातम्या जास्त गाजवल्या त्या नंतर, शहर जाळल्यावर.

शून्यप्रहर
बराच काळ म्हणजे कायम नव्हे. अठराव्या शतकात परत चालू झालंच. पण ठीक, समईचा मुद्दा मान्य, धातूवरून मालकी ठरत नाही. माझा रोख दुसरीकडे होता, निर्दोष मालक जगात कुठे नसतो.

आता जरा घरचं बोलू. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा काढून हत्तीवरून, बैलगाडीवरून कुठे कुठे नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा आपण म्हणीत वापरतो, भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला घाटावर आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे स्पष्ट. मग? "अटी न घालता सगळं परत द्या", भरदुपारी साहेब, सुरुवात वाईपासून करायची का?

सरळवाट
आता आली मजा 🍿

भरदुपारी
हे अपेक्षित होतं, पण इतक्या लवकर नाही.

प्रामाणिकपणे सांगतो, मला अवघडल्यासारखं झालं. मेणवलीला मी लहानपणापासून जातोय, त्या घंटेला हात लावून फोटो आहे माझा. पहिलं मनात आलं ते हेच की ती आता आमची आहे, अडीचशेच्या वर वर्षं झाली, लोक जोडले गेलेत तिच्याशी. आणि मग लक्षात आलं की हेच वाक्य लंडनवाले म्हणतात.

तरी फरक मांडतो, पटला तर बघा. एक तर ती दोन सत्तांमधली लढाई होती, वसईचा किल्ला पोर्तुगीजांनी तह करून सोडला. बेनिनला असा तह वगैरे काही नव्हता, दंड म्हणून शहर धुवून काढलं. दुसरं, घंटेचं आपण घंटा हेच काम ठेवलं. तिसरं, मागणारं कोणी आहे का? वसईचे आपले ख्रिस्ती लोक, त्यांच्या चर्चमधून गेलेली ती घंटा. उद्या त्यांनी रीतसर मागितली तर... तर मी म्हणेन द्या. हो, म्हणतो. पण घशात अडकतंय.

पेठेतला पाहुणा
घशात अडकतंय ना, मग ब्रिटिश म्युझियमच्या ट्रस्टींच्या घशात किती अडकत असेल याचा विचार करा 🙂 तहाचा मुद्दा कच्चा आहे, तह तोफेच्या तोंडीच होतात. मागणारं कोणी नाही हाही कच्चा, बेनिनच्या राजघराण्यालाही पहिली काही दशकं कोणी विचारत नव्हतं.

पण मी तुम्हाला टोमणे मारायला नाही लिहीत, व्यवहाराचं सांगतो. ब्रिटिश म्युझियमच्या हातात १९६३ चा कायदा आहे, पार्लमेंटचा, त्यांना वस्तू कायमची देताच येत नाही, अगदी थोडे अपवाद सोडले तर. मग मार्ग काय? लोन. २०२४ ला घानात तेच झालं. १८७४ च्या युद्धात इंग्रजांनी आसांते राजाचं सोनं नेलं होतं, त्यातलं आणि बाकीचं मिळून ३२ वस्तू ब्रिटिश म्युझियम आणि लंडनचंच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दोघांनी मिळून कुमासीच्या मान्हिया राजवाडा म्युझियमला तीन वर्षांसाठी दिल्या. हक्क कोणाचा, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असलं काही न करता लोकांनी रांगा लावून बघितलं. आणि आपली वाघनखं! तेच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, तेच २०२४ साल, तीच तीन वर्षं. साताऱ्यात गर्दी काय कमी झाली का? (ती महाराजांचीच का याबद्दल खुद्द म्युझियमच ठाम नाही, पण तो वाद इथे नको, रात्र पुरणार नाही.)

मुशीतलं पितळ
वाघनखं लोनवर आली तेव्हा आमच्या आईने विचारलं होतं, "आपल्याच वस्तूला परत जायची तारीख कशी रे असते?" याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर द्या. लोनच्या कागदावर सही केली की कबूल केलं, मालक ते, आपण पाहुणे. म्हणून नायजेरियावाले सही करत नाहीत, बरोबर करतात.

आणि लोन नको म्हणून विकत घ्यायचं का? २०२५ ला रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, महाराष्ट्र सरकारने ४७ लाखांच्या घरात पैसे मोजून आणली. मला आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकदम. नायजेरियानेही हे केलंय आधी. १९५० च्या आसपास ब्रिटिश म्युझियमने काही फलक "डबल आहेत" म्हणून काढून टाकले, त्यातले काही नायजेरियाने पैसे देऊन घेतले. तेव्हा कायदा आडवा आला नाही बरं.

भरदुपारी
कायद्याचं तर बोलूच नका. नाझींनी ज्यूंकडून लुटलेल्या वस्तू परत देता याव्यात म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने २००९ ला वेगळा कायदा केला, ह्याच मोठ्या राष्ट्रीय म्युझियमसाठी. केला ना? म्हणजे कायदा हा डोंगर नाही, दरवाजा आहे, कोणासाठी उघडायचा ते ते ठरवतात. आणि ज्यांना तो कायदा लागू नाही त्यांनी दिलंच की, केंब्रिजच्या जीझस कॉलेजने बेनिनचा ओतीव कोंबडा दिला, दुसऱ्या दिवशी ॲबर्डीन विद्यापीठाने शीर दिलं, २०२१ ला. हॉर्निमन म्युझियमने ७२ वस्तूंची मालकी. डचांनी २०२५ ला ११९. आभाळ कोसळलं नाही.

निशिगंधा
पण मग बेनिन सिटीतल्या त्या नव्या म्युझियमचं काय झालं ते कोणीच बोलत नाहीये? मी वाचलं ते भयंकर होतं.

लेगॉस रिटर्न
ताई, ते बोलायचं टाळत होतो, खरं सांगायचं तर. पण आता विषय काढलाय तर.

एदो राज्याचे आधीचे गव्हर्नर ओबासेकी यांच्या पाठिंब्याने एक भव्य म्युझियम उभं राहिलं, जुन्या सरकारी हॉस्पिटलच्या जागेवर, परदेशी देणग्या, नामवंत आर्किटेक्ट. आधी नावात एदो होतं, नंतर झालं वेस्ट आफ्रिकन आर्ट. ओबांचं म्हणणं की आमच्या वस्तूंच्या नावावर पैसा गोळा केला आणि आम्हालाच बाजूला ठेवलं, आम्हाला राजघराण्याचं म्युझियम हवं होतं. नोव्हेंबर २०२५ ला उद्घाटनाच्या दोन दिवस आधी परदेशी पाहुण्यांचा कार्यक्रम चालू असताना लोक आत घुसले, हे बेनिन रॉयल म्युझियम म्हणा म्हणून. पाहुण्यांना बाहेर काढावं लागलं, उद्घाटन रद्द, नव्या गव्हर्नरने जागेची परवानगीच काढून घेतली. आणि सगळ्यात कहर म्हणजे त्या इमारतीत मूळ बेनिन ब्राँझ एकही नव्हतं. रिकाम्या पाळण्यावरून मारामारी.

पेठेतला पाहुणा
मी हेच पहिल्या प्रतिसादापासून सांगतोय. भाऊबंदकी.

लेगॉस रिटर्न
भाऊबंदकी आहे, नाही कोण म्हणतंय. पण भाऊबंदकी कोणाच्या घरात नसते? आपल्याकडे साताऱ्याची आणि कोल्हापूरची गादी वेगळी झाली म्हणून कोणी म्हणालं का की ह्यांच्या तलवारी आता लंडनलाच बऱ्या? आणि तुम्हाला राजवाडा म्हटलं की बंद दरवाजा दिसतो, तर कोल्हापूरचा न्यू पॅलेस आठवा, राजघराणं तिथेच राहतं आणि खाली आपण तिकीट काढून शाहू महाराजांच्या वस्तू बघतो. घानात पण तेच, आसांतेचं सोनं सरकारी म्युझियममध्ये गेलं नाही, थेट राजाच्या म्युझियममध्ये गेलं, तुम्हीच कौतुक केलंत त्याचं वरती.

अजून एक, त्या २०२३ च्या आदेशानंतर सगळं राजवाड्यात गडप होणार म्हणून बोंब झाली होती. २०२५ ला ओबांनी आणि नायजेरियाच्या म्युझियम आयोगाने आपसात करार केला, सांभाळायचं काम आयोगाकडे. डचांच्या ११९ वस्तू त्यानंतर लेगॉसच्या राष्ट्रीय म्युझियममध्येच समारंभ करून उतरवल्या. म्हणजे भांडतात आणि जुळवूनही घेतात, आपल्यासारखेच.

पेठेतला पाहुणा
घानाचा मुद्दा लागला मला, मान्य. राजा म्हणून माझा विरोध नाही मग, माझा विरोध कुलपाला आहे.

मी एवढ्यावर येऊ शकतो, जर्मनीसारखं करा. त्यांनी बर्लिनच्या संग्रहातल्या सगळ्या बेनिन वस्तूंची, पाचशेच्या वर, मालकी आधी कागदावर देऊन टाकली, मग सामान टप्प्याटप्प्याने, आणि साधारण एक तृतीयांश वस्तू दहा वर्षांसाठी बर्लिनमध्येच, पण नायजेरियाकडून लोनवर. म्हणजे निशिगंधाताईंच्या लेकीच्या मुलांनाही बघता येईल आणि परत जायची तारीख कोण ठरवणार ते उलटं झालं. तुमच्या आईला हे चालेल का, मुशीतलं पितळ?

मुशीतलं पितळ
आईला विचारून सांगतो. मला चालेल.

भरदुपारी
मला पण. पण हे माझंच झालं की, अटी न घालता मालकी, बाकी नंतर बोलू. मित्राला लिंक पाठवतो.

शून्यप्रहर
पाठवा पाठवा. आणि मेणवलीच्या घंटेची मालकी कागदावर वसईला आणि घंटा लोनवर वाईला, असा अर्ज कधी करताय?

भरदुपारी
दिवाळीनंतर वाईला जाणारच आहे, मावशी बोलावतेय कधीपासून. आधी घंटा नीट बघून येतो, एवढ्या वर्षांत तिच्यावर काय लिहिलंय ते कधी वाचलेलंच नाही. आल्यावर इथेच भांडू.